फ्रीजच्या दारातली व्हायल: गोव्यातले चार दिवस

‘गोवा ना? चार दिवसांची सुट्टीच समजा,’ असं आमच्या विभागातले एक सर हसत म्हणाले होते. मलाही आतून तसंच वाटत होतं. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत सगळं राज्य जेमतेम शंभर किलोमीटर लांब, तेव्हा दोनच जिल्हे, रस्ते बरे, आणि मी मूळची डिचोलीची. २०१६ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा होता. काजूचा हंगाम सरत आला होता, उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि माझ्या पिशवीत पोलिओच्या जुन्या लसीची एकही व्हायल (बाटली) मागे राहिली नाही ना, हे तपासायचे चार दिवसांचे फॉर्म होते.

हे आता लिहिण्याचं कारण असं की, आमच्याकडचे तरुण डॉक्टर अधूनमधून विचारतात, त्या वेळी नेमकं काय करायचं होतं? प्रश्न रिकामा नाही. आज बाळांना जे पोलिओचे थेंब पाजतात तेही कधीतरी जगभर एकाच वेळी थांबवायचे आहेत. तेव्हा पुन्हा कोणीतरी फ्रीज उघडत फिरणार.

आधी बदल काय होता ते सांगते. जुन्या थेंबांत पोलिओच्या टाइप १, २ आणि ३ अशा तिन्ही प्रकारांचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असायचे. म्हणून ती ट्रायव्हॅलंट लस. फिल्डवर सगळे टीओपीव्ही म्हणतात. यातला टाइप २ चा नैसर्गिक विषाणू शेवटचा सापडला तो १९९९ मध्ये, आपल्याच देशात, अलीगडला. सप्टेंबर २०१५ मध्ये तो संपल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. म्हणजे टाइप २ चा नैसर्गिक विषाणू उरला नव्हता, उरला होता फक्त लसीतला टाइप २. आणि जिथे लसीकरण अपुरं असतं तिथे हाच लसीतला विषाणू मुलामुलांतून फिरत, बदलत जाऊन पुन्हा लुळं करू शकतो. तेव्हा तो काढून फक्त १ आणि ३ ठेवायचे, म्हणजे बीओपीव्ही. हे १७ एप्रिल ते १ मे २०१६ या पंधरा दिवसांत दीडशेहून अधिक देशांनी मिळून केलं. भारताचा दिवस होता २५ एप्रिल, सोमवार.

एकाच वेळी का, हे प्रत्येक ठिकाणी विचारलं जायचं. टाइप २ चे थेंब बंद झाल्यावर जन्मलेल्या बाळांना त्या थेंबांतून मिळणारं संरक्षण नसतं. अशा वेळी शेजारच्या गावात कोणी जुनी व्हायल वापरत बसलं, तर तो विषाणू या बाळांपर्यंत पोचायला मोकळा. इंजेक्शनची लस त्याच सुमारास आली होती. ती लुळेपण रोखते, पण आतड्यातून होणारा फैलाव थेंबांइतका अडवत नाही. म्हणून एकही व्हायल मागे राहता कामा नये. आमचं काम एवढंच होतं: शीतसाखळीत, म्हणजे लस थंड ठेवून साठवतात-नेतात त्या सगळ्या ठिकाणी, जुनी व्हायल उरलेली नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

पहिला दिवस पणजी, म्हापसा, पेडणे असा ठरला. पणजीहून सकाळी आठलाच निघालो. गाडी चालवणारे भाऊ पेडण्याचे, त्यांना प्रत्येक आरोग्य केंद्राची मागची वाटही माहीत. मोठ्या साठ्यांच्या ठिकाणी काम चोख होतं. आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रीज, पुसून लख्ख, तापमानाची वही सकाळ-संध्याकाळ भरलेली, बीओपीव्हीच्या व्हायली ओळीत मांडलेल्या. अशा ठिकाणी फार वेळ घालवू नका. तिथल्या लोकांना आपण येणार हे आधीच माहीत असतं आणि त्यांचं कामही तसंच नीट असतं.

माझी चूक झाली ती पहिल्याच दिवशी दुपारी. एका केंद्रात फार्मासिस्ट भल्या माणसाने आम्हाला बसवलं, सोलकढी पाजली आणि ‘जुना साठा परत पाठवला’ असा सहीशिक्क्याचा कागद पुढे केला. मी कागद बघितला, आयएलआर बघितला आणि उठले. डीप फ्रीझर उघडलाच नाही. रात्री फॉर्म भरताना तो रकाना रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशी वाळपईला जायचं सोडून आधी परत तिकडे. डीप फ्रीझरमध्ये नुसते आइस पॅक होते, पण ते सगळे बाहेर काढून तळ बघितल्याशिवाय मला चैन पडेना. फार्मासिस्टला वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतेय. तसं नव्हतं. पण ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, तो मी आदल्या दिवशी वाचवला असं समजत होते.

तेव्हा पहिला सल्ला: कागद शेवटी बघा. आधी झाकण उघडा.

सत्तरी म्हटलं की लोकांना लांब, जंगल, अवघड असं वाटतं. प्रत्यक्षात तिथल्या उपकेंद्रांत फ्रीजच नसतो, मग साठा कुठून असणार? लस सत्राच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरियरमधून येते आणि संध्याकाळी परत जाते. बघायचं ते कॅरियर. माळ्यावर, कपाटावर, स्टोअररूममध्ये पल्स पोलिओचे निळे-पांढरे डबे रचलेले असतात. फेब्रुवारीच्या फेरीत जुनेच थेंब पाजले होते, तेव्हा एखादी व्हायल विरघळलेल्या आइस पॅकच्या मधे राहून गेली तर कोणाच्या लक्षात येणार? एका ठिकाणी सिस्टर शिडी लावून स्वतः वर चढल्या आणि एकेक डबा उघडून माझ्यापुढे उलटा करून दाखवला. ‘मॅडम, ह्यात साधी पालही नाही,’ म्हणाल्या. खरोखर नव्हती. धूळ मात्र भरपूर होती, तेव्हा रुमाल जवळ ठेवा.

आता मूळ गोष्ट.

तिसऱ्या दिवशी एका प्रसूतिगृहात गेलो. गाव सांगत नाही, त्याने काही साधणारही नाही. जन्मलेल्या बाळाला पोलिओचा पहिला डोस घरी जाण्याआधीच देतात, म्हणून जिथे बाळंतपणं होतात तिथे थेंबांची व्हायल हमखास असते, आणि ती लसीच्या फ्रीजमध्ये असेलच असं नाही. बाळ काही दिवस बघून जन्मत नाही. रात्री-अपरात्री हाताशी हवी म्हणून ती लेबर रूमशेजारच्या साध्या घरगुती फ्रीजमध्ये असते. तिथल्या मुख्य फ्रीजमध्ये सगळी बीओपीव्ही. मग मी विचारलं, ‘दुसरा फ्रीज आहे का?’ सिस्टर एक क्षण थांबल्या. होता. त्याच्या दारात, ऑक्सिटोसिनच्या अँप्यूलच्या शेजारी, इन्सुलिनच्या खोक्यामागे, एक व्हायल उभी होती. लेबल वाचायला मला चष्मा बदलावा लागला. टीओपीव्ही.

सिस्टरांनी ती हातात घेऊन उजेडात धरली. ‘मॅडम, व्हीव्हीएम बघा ना. आतला चौकोन एकदम पांढरा. तारीखही पुढच्या वर्षीची. चांगली लस आहे ही.’ व्हीव्हीएम म्हणजे व्हायलवरची उष्णतेची खूण, लस तापली की तिच्यातला चौकोन काळा पडत जातो.

त्या वाक्याने माझी सगळी शिकवणी पालथी केली. आम्ही प्रशिक्षणात ‘निष्काळजीपणा शोधा’ असं मनात धरून निघालो होतो. इथे निष्काळजीपणा नव्हताच, उलट काटकसर होती. वीस डोसांची व्हायल, निम्म्याहून जास्त भरलेली. ती फेकायची कशी? याच बाईंना वर्षानुवर्षं आम्हीच शिकवलं होतं की लसीचा एक थेंब वाया जाऊ देऊ नका, उन्हात ठेवू नका, चौकोन काळा पडू देऊ नका. आणि आता आम्हीच येऊन सांगत होतो की चांगली लस उकळून टाका. जो जास्त जपणारा, त्याच्याकडे ती सापडण्याची शक्यता जास्त. पुढचा दीड दिवस मी याच नजरेने शोधलं आणि सगळ्यात नीटनेटक्या कपाटांपुढे सगळ्यात जास्त वेळ थांबले.

त्यांच्यावर आवाज चढवू नका, हे वेगळं सांगायला नको. आवाज चढला की पुढच्या खेपेला दुसऱ्या फ्रीजचा पत्ता कळत नाही. आम्ही व्हायल पिशवीत घातली, पिशवीवर ठिकाण, तारीख आणि ‘वापरू नये’ लिहिलं, दोघींनी सही केली आणि ती शीतसाखळीच्या बाहेर काढली. मी ती स्वतःच्या पर्समध्ये टाकून हॉटेलवर नेली नाही, तुम्हीही नेऊ नका. जिथे नष्ट करायची सोय आहे तिथेच ती गेली पाहिजे, आणि त्याची नोंद झाली पाहिजे.

खाजगी दवाखान्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. गोव्यात दुपारी एकनंतर साडेतीन-चारपर्यंत सगळं गाव झोपतं. क्लिनिकचं शटर खाली, डॉक्टर घरी, कंपाउंडर बाहेर बाकावर आडवा. म्हणून सकाळी साडेनऊ ते साडेबारा खाजगी दवाखाने करा, मधली वेळ प्रवासाला ठेवा, संध्याकाळी पाचनंतर उरलेले. भाजी-पाव सकाळी अकराच्या आत खाऊन घ्या, नंतर चांगल्या हॉटेलांत पातळभाजी संपलेली असते. दक्षिणेला जाताना त्या काळी झुआरीचा जुना पूल म्हणजे परीक्षाच, कुठ्ठाळीला आमचा तास गेला. आता नवा पूल झाल्यामुळे तो जाच उरलेला नाही. काणकोणला करमल घाटातून जाताना ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटात फार काही घालू नये.

बरोबर काय न्यावं? चांगला टॉर्च, कारण डीप फ्रीझरच्या तळाशी उजेड पोचत नाही. वाचायचा चष्मा, ज्यांना लागतो त्यांनी दोन. न पुसणारा मार्कर, लहान पिशव्या आणि स्वेटर नव्हे तर हातमोजे. उणे वीसच्या फ्रीझरमध्ये शेवटचा आइस पॅक उचलेपर्यंत बोटं बधिर होतात. लेबलाच्या रंगावर विसंबू नका. वेगवेगळ्या कंपन्यांची लेबलं वेगवेगळी, दोन्ही लसींच्या व्हायली सारख्याच इवल्याशा. नाव अक्षर अक्षर वाचायचं. आयएलआरचं झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नका. दोन ते आठ अंश तापमान राखायला त्या लोकांनी दिवसभर जीव टाकलेला असतो. आणि वीज गेली असेल तर उघडूच नका, तिथे परत या. मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट झाला की सत्तरी-सांगे भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

शेवटच्या फेरीचा प्रश्न माझा एकच असायचा, आणि तो फॉर्मवर नव्हता: ‘रात्री दोन वाजता बाळ जन्मलं तर थेंब कुठून आणता?’ उत्तर देणारा माणूस नकळत चालायला लागतो आणि आपण त्याच्या मागे जायचं.

त्याच जूनमध्ये हैदराबादला सांडपाण्याच्या नमुन्यात टाइप २ सापडल्याची बातमी आली आणि तिथे लाखो मुलांना तातडीने इंजेक्शनची लस द्यावी लागली. २०१८ मध्ये तर एका उत्पादकाच्या बीओपीव्हीतच टाइप २ निघाला. या दोन्ही वेळी मला प्रसूतिगृहातला तो फ्रीज आठवला. टाइप ३ ही २०१९ मध्ये संपल्याचं जाहीर झालं आहे, उरला नैसर्गिक टाइप १, तोही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जमा झालेल्या व्हायली एका केंद्रात मागच्या अंगणात उकळल्या. पातेलं त्यासाठीच नवं आणलं होतं. फार्मासिस्टने प्रत्येक व्हायल मोठ्याने मोजून पाण्यात सोडली, सिस्टरांनी घड्याळ धरलं. प्रसूतिगृहातली ती व्हायल शेवटची होती. नंतर रजिस्टरवर त्यांनी लाल शाईने शिल्लक शून्य लिहिलं आणि पातेलं चहाला कोणी घेऊ नये म्हणून त्याच्या तळाला खिळ्याने भोक पाडलं.