काटेवाले काट्यावर: आठवडा ४१

निवडुंग आणि सक्युलंट (पानांत-खोडात पाणी साठवणारी झाडं) यांच्या पाण्याचं वेळापत्रक सोडून जवळजवळ प्रत्येक कुंडी वजनकाट्यावर ठेवायला लागले, त्याला आता एक्केचाळीस आठवडे झाले. वहीत चौदा कुंड्या आहेत. त्यातली एक गेल्या महिन्यात हातची जाता जाता राहिली, म्हणून ही नोंद बरीचशी तिच्यावरच आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात. कुंडी कोरडीठाक असताना एकदा तोलायची. मग खालून वाहेपर्यंत पाणी घालायचं, निथळू द्यायचं आणि पुन्हा तोलायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मिश्रणात मावणारं पाणी. एचेव्हेरिया या सक्युलंटच्या दहा सेंटीमीटरच्या कुंडीचं कोरडं वजन ३३४ ग्रॅम, भरलेलं ४२०. ती ३४०च्या आसपास आली की आणखी तीन-चार दिवस थांबते आणि मग पाणी घालते. बोट खुपसून वरच्या दोन-तीन सेंटीमीटरची खबर मिळते. काट्याला तळातलंही कळतं.

कळतं, पण आकडा वाचणारीनं डोकं चालवलं तर.

हातचं जाता जाता राहिलेलं झाड हेच, जिम्नोकॅलिसियम नावाचं निवडुंग. आणलं तेव्हा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) होतं. बाहेरचं कोकोपीट मी झाडून टाकलं, पण मुळांना धक्का नको म्हणून मधला गड्डा तसाच ठेवला आणि भोवती माझं नेहमीचं भरड मिश्रण भरलं: दोन भाग प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड), एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं पानखत. कोरडं वजन २९८, भरलेलं ३९१. पाणी दिल्यावर सहा दिवसांत कुंडी ३३८वर आली आणि तिथेच अडून बसली. नवव्या दिवशी ३३५, पंधराव्या दिवशी ३२७. वरून खडखडीत, काडी घातली तर तीही कोरडी. मी वहीत शेरा मारला, ‘झाडाचंच वजन वाढलं असावं, कोरडं वजन नव्यानं घ्यावं.’ आणि पाणी दिलं. पुढच्या खेपेलाही हेच. दोन महिन्यांत निवडुंगाचं वजन तीस ग्रॅमनं वाढतं, हे मला खरं तरी कसं वाटलं कोण जाणे. आकार तर तसूभर बदलला नव्हता.

गेल्या महिन्यात कुंडी उचलताना झाड हललं. दुखऱ्या दातासारखं, अगदी जरासं. कुंडी आडवी करून थोपटली. भरड मिश्रण भसकन ओघळलं आणि हातात राहिला लिंबाएवढा काळा गोळा. दाबला तर बोटांमधून पाणी आलं. कुबट वास. आत बारीक जाळीची पिशवी होती, लहान रोपं वाढवताना वापरतात तसली, आणि मुळं तिच्यात गुरफटलेली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून आली, आत दोऱ्याएवढी शीर तेवढी उरली. कुजलेलं मूळ ओळखायला यापेक्षा खात्रीची खूण नाही. झाडावर एक कळीही होती. जिम्नोकॅलिसियम या नावाचा अर्थच मुळी उघडी कळी: तिच्यावर ना लव, ना काटे, नुसते गुळगुळीत खवले. ती दुसऱ्या दिवशी गळाली.

पाते स्पिरिटनं पुसून बुडापासून चकत्या काढत गेले. पहिल्या चकतीत मधल्या कड्यावर (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं वर्तुळ) तपकिरी ठिपके होते, दुसरीत दोनच, तिसरी स्वच्छ निघाली. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसायचं, नाहीतर आपणच कूज वर सरकवत नेतो. मग झाड एका रिकाम्या कुंडीच्या तोंडावर उभं ठेवून दिलं, बूड हवेत. आडवं ठेवलं तर शेंडा उजेडाकडे वळतो आणि झाड कायमचं वाकडं होतं.

असं का झालं? बारीक कणांमधल्या पोकळ्या लहान असतात, त्या पाणी घट्ट धरतात. शेजारी भरड मिश्रण असलं, तर बारीकातलं पाणी आपणहून तिकडे उतरत नाही. बाहेरचं प्युमिस वाळून गेलं तरी आतलं कोकोपीट चिंब ते चिंबच. मी चांगला निचरा करते आहे या समजुतीत त्या ओल्या गोळ्याला वरून कोरडं पांघरूण घातलं होतं.

तळाला खडे घाला म्हणजे निचरा होतो, हा सल्लाही इथेच मोडतो. पाणी खड्यांच्या थरापाशी येऊन थबकतं आणि वरची बारीक माती ओथंबेपर्यंत खाली जात नाही. म्हणजे ओला थर तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, टपकणं थांबू द्या आणि मग तोच उभा करा: पुन्हा पाणी वाहायला लागतं. काटा हाताशी होताच म्हणून मी तोलून पाहिलं, उभा केल्यावर आणखी २७ ग्रॅम गेलं. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडी लवकर वाळते म्हणतात, पण पाणी घातल्यावर तिच्यात ओल्या थराचा वाटा खोल कुंडीपेक्षा जास्त असतो.

मध्ये एक खुळ्यासारखा प्रयोगही केला. बरेच सक्युलंट आपली रंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) रात्री उघडतात, तेव्हाच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन तो वापरतात. मनात आलं, रात्रीचं वजन दिवसापेक्षा जास्त घटताना दिसेल. चार दिवस सकाळ-संध्याकाळ तोललं. काही दिसलं नाही, कारण मिश्रणातून उडणारं पाणीच इतकं असतं की झाडाचा हिशेब त्यात बुडून जातो. मग हावर्थिया या सक्युलंटची कुंडी बुंध्यापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. आठवड्यात २ ग्रॅम. तशाच गुंडाळलेल्या मनी प्लांटनं तेवढ्याच दिवसांत ६१ ग्रॅम घालवले. पानांचा पसारा वेगळा, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण हावर्थियाला आपण पाणी पाजतो म्हणजे बहुतेक हवेलाच पाजतो, हे मला तेव्हा दिसलं. प्लॅस्टिक लगेच काढून टाकलं, हे वेगळं सांगायला नको.

बाकीच्यांचं पटापट सांगते.

एचेव्हेरिया उजेडाअभावी लांबोडकी झाली होती. ताणलेला दांडा परत आखूड होत नाही, म्हणून शेंडा छाटला आणि पूर्वेच्या खिडकीत आठवड्यागणिक थोडी थोडी पुढे सरकवत नेली; एकदम नेली असती तर भाजली असती. अकरा पानं बुडापासून अख्खी निघाली. सात पानांना पिल्लं आली, दोघांना नुसती गुलाबी मुळं, दोन वाळली. उघड्या दांड्यावर तीन नवे फुटवे आहेत. छाटताना माझा अंगठा एका पानावर टेकला आणि तिथली पांढरी भुकटी पुसली गेली. त्या पानावर ती पुन्हा यायची नाही, तेव्हा पान गळेपर्यंत माझा ठसा तिथेच.

मनी प्लांटच्या बगलेत पिठ्या ढेकूण सापडले, कापसाच्या बोळ्यानं सत्तर टक्के स्पिरिट लावलं. आठ-आठ दिवसांनी तीनदा. अंड्यांतून नवे निघतात, म्हणून एकदा लावून भागत नाही.

लिथॉप्सला काटा लावत नाही. इंग्रज वनस्पती-संशोधक विल्यम बर्चेल यांनी १८११मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो उचलला तो दगड समजून, आणि मलाही त्याच्याशी दगडासारखंच वागलं की बरं पडतं. सध्या पानांची जुनी जोडी फाटून आतून नवी वर येते आहे. नवी जोडी जुनीचं पाणी पिऊनच वाढते, तेव्हा जुनी कागदासारखी होईपर्यंत थेंबही द्यायचा नाही. मागच्या वर्षी सुरकुत्या बघून जीव राहवला नाही, पाणी दिलं, आणि जुनी जोडी फुगून तशीच राहिली. एकावर एक दोन जोड्या, एकात एक अडकलेल्या बाहुल्यांसारख्या. यंदा कुंडी वरच्या फळीवर ठेवली आहे, झारी घेऊन हात पोचत नाही.

जिम्नोकॅलिसियमचं बूड दहा दिवसांत वाळून आत ओढलं गेलं, रंग फिकट खाकी. ते नुसत्या कोरड्या प्युमिसवर टेकवलं आहे. चौदाव्या दिवशी उचलून पाहिलं, काही नाही. आज चोविसावा दिवस: भिंगातून मधल्या कड्याच्या काठाला मुळांची दोन पांढरी टोकं दिसतात, मिलिमीटरभरही नसतील. झाडाचं एकट्याचं वजन ११८ ग्रॅम, छाटलं तेव्हा १२६ होतं. पाणी अजून आठवडाभर नाही.