मृग, तोही डिसेंबरात

मार्गशीर्षातल्या अमावस्येला मृगाचे फोटो काढायला वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. नवरा गाडीत झोपला. त्याची साथ एवढीच असते.

पहिली अडचण ध्रुवाची. ट्रॅकरचा, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणाऱ्या यंत्राचा, अक्ष ध्रुवाच्या रोखाने नीट लावला नाही, तर ६० सेकंदांच्या फोटोत ताऱ्यांच्या अळ्या होतात. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर, त्यात सगळीकडे सह्याद्री. दोनदा तिपाई उचलली. शेवटी एका शेताच्या बांधावरून तो दिसला.

मृग चांगला वर आला होता. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धुरकट ठिपका दिसतो, तो एम ४२ हा तेजोमेघ. २०० मिमीची लेन्स, आयएसओ ८००. चाळीसेक फ्रेम झाल्या आणि बॅटरीचा झोत थेट लेन्सवर.

"ताई, मोजणी हाय का?"

तिपाई, तीही बांधावर. त्यांचं काय चुकलं! पंपाची लाईट रात्रीची होती, म्हणून काका दारं धरायला आले होते. म्हटलं, मोजणी नाही, मृगाचा फोटो काढतेय. ते हसलेच. "मृग जूनात लागतो. आत्ता कुठला?"

सांगितलं की जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, त्याच्या उजेडात हे तारे बुडतात. आता सूर्य पलीकडे, म्हणून मृग रात्रभर. काका जरा वेळ वर बघत राहिले.

"म्हंजी पेरणीला बी त्यो डोक्यावरच. पर दुपारचा."

इतकं सुटसुटीत मला नसतं जमलं.

स्क्रीनवर एक फ्रेम दाखवली. फिकट गुलाबी डाग, मधला भाग जास्त उजेडाने पांढरा जळालेला. तिथल्या चार ताऱ्यांसाठी पाच-पाच सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घ्याव्या लागतात, मग घरी सगळ्या एकावर एक रचायच्या. हा उजेड साडेतेराशे वर्षांपूर्वी निघालाय, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर काकांना पलीकडे पाणी फुटल्याचा आवाज आला आणि ते गेले.

दोननंतर तारे फुगायला लागले. लेन्सवर दव. गरम पट्टा होता, पण पॉवरबँक नवऱ्याच्या मोबाईलला लागलेली, तीही संपलेली. घरी येऊन मोजलं: काकांच्या बॅटरीने तीन फ्रेम गेल्या, दवाने एकतीस.