२ ऑगस्टनंतरची सात वर्षं

पुण्यात दादरा-नगर हवेलीचा विषय निघाला की बोलणं पोर्तुगीजांकडून सिल्वासा घेतल्याच्या २ ऑगस्ट १९५४ च्या पहाटेपाशी येतं आणि तिथेच थांबतं. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, बिंदुमाधव जोशी, लता मंगेशकरांच्या कार्यक्रमातून उभा राहिलेला निधी, ऐन पावसाळ्यात चिखल तुडवत सिल्वाशाला पोचलेले तरुण. हे सगळं सांगायलाच हवं. पण हा मुलूख भारतात आला तो ११ ऑगस्ट १९६१ रोजी. मधली सात वर्षं तिथे पोर्तुगालची सत्ता चालत नव्हती आणि कायद्याने तो भारताचाही भाग झालेला नव्हता. मला त्या पहाटेइतकीच ही सात वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण त्यांचा सगळा पीळ पुण्याच्या दरबारातून निघालेल्या दोन सनदांमध्ये आहे.

आधी नकाशा समोर ठेवा. दमण समुद्रकाठी. तिथून आत, भारतीय हद्दीने चारी बाजूंनी वेढलेली दादऱ्याची ३ गावं. त्यापलीकडे पुन्हा भारतीय हद्द आणि मग नगर हवेलीची ६९ गावं, मुख्य ठाणं सिल्वासा. सगळं मिळून ७२ गावं आणि सुमारे ४९० चौरस किलोमीटर. दमणच्या गव्हर्नरला सिल्वाशाला शिपाई धाडायचे तर भारताच्या जमिनीवरून दोनदा जावं लागे. पुढच्या सगळ्या घडामोडी या एका अडचणीभोवती फिरतात.

२१-२२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादऱ्याची पोलीस चौकी घेतली. चौकीचा प्रमुख अनिसेतो रोझारियो त्यात मारला गेला. भारताने लगेच दमणकडून येणारी सगळी वाहतूक थांबवली. २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांनी नरोली घेतली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची वेगळी आघाडीही याच काळात काम करत होती. पुण्यातल्या सांगण्यात ती बहुतेक वेळा गळते, ते बरोबर नाही. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो २ ऑगस्टला हाती लागला नव्हता. तो आपले पोलीस घेऊन खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. ‘सिल्वाशात शरणागती’ असं लिहिलेलं दिसलं तर ते दुरुस्त करून घ्या.

मग दिल्लीने लगेच तिरंग्याबरोबर आपला कलेक्टरही का पाठवला नाही? भारताची भूमिका अशी होती की इथली सत्ता स्थानिक उठावाने गेली, भारत सरकारने आक्रमण केलेलं नाही. सरकारने तिथे उघडपणे कारभार हाती घेतला असता तर ही भूमिका त्याच दिवशी कोसळली असती. पोर्तुगालही गप्प बसला नव्हता. १४ डिसेंबर १९५५ रोजी त्याला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं पत्र दिलं आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा लावला. म्हणणं एवढंच, की दमणहून आमच्या मुलखात जाण्यायेण्याचा आम्हाला हक्क आहे आणि भारताने तो अडवला. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. २६ नोव्हेंबर १९५७ ला न्यायालयाने त्यातल्या चार फेटाळल्या आणि दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवल्या. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते, तर न्यायासनावर भारतातर्फे तदर्थ (त्या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला.

आता त्या सनदा. १७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांशी युद्ध सुरू होतं, गादीवर लहानगे सवाई माधवराव आणि कारभार नाना फडणवीसांचा. पोर्तुगीजांना इंग्रजांच्या गोटात जाऊ न देणं ही त्या वेळची निकड होती. तहात १२,००० रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना लावून देण्याचं ठरलं. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. पोर्तुगालचा युक्तिवाद होता की या तहाने आणि सनदांनी आम्हाला या गावांचं राज्य मिळालं आणि राज्य मिळालं म्हणजे तिथे जायची वाटही मिळाली. भारताने उत्तर दिलं की दिला तो फक्त वसूल.

मराठेशाहीची कागदपत्रं वाचणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. सरंजाम देताना राज्यकर्ता त्या गावांचा महसूल नेमून देतो, धनीपण आपल्याकडेच ठेवतो. सरंजाम पिढीजात मालकीचा नसतो, धन्याला तो परत घेता येतो. म्हणून असा कागद हाती आला की आधी बघायचं ते हे: किती गावं दिली याबरोबर किती रुपये वसुलाची दिली, कशाबद्दल दिली आणि दानाला शब्द कोणता वापरला. इथे गावांची निवडच १२,००० रुपयांच्या आकड्यावरून झाली आहे. म्हणजे भर वसुलावर आहे. न्यायालयालाही तेच पटलं. तह अवैध होता हे भारताचं म्हणणं त्याने मानलं नाही, कारण मराठ्यांनी स्वतः त्या तहाबद्दल कधी शंका घेतली नव्हती. पण सनदांमधल्या शब्दांवरून दिसतो तो जहागीर किंवा सरंजाम, आणि अशा दानाचा अर्थ सार्वभौमत्व दिलं असा लावल्याचं एकही उदाहरण आपल्यापुढे आलेलं नाही, असं न्यायालयाने नोंदवलं.

इथे बरेच जण उत्साहात थांबतात आणि ‘सरंजाम या शब्दाने खटला जिंकला’ असं लिहितात. ते अर्धंच खरं आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या गावांवरचं पोर्तुगालचं राज्य प्रत्यक्षात मान्य केलं आणि पुढे भारतानेही ते चालू दिलं, हेही न्यायालयाने मानलं. त्यानंतर निकाल ठरला तो वहिवाटीवर. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल या वाटेने बिनदिक्कत जात होता, म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं आणि दारूगोळा यांना मात्र इंग्रजी अमलातही परवानगी किंवा पूर्वसूचना लागत असे. परवानगी मागून मिळते तो हक्क होत नाही, म्हणून इथे पोर्तुगाल ८ विरुद्ध ७ मतांनी हरला. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर! आणि १९५४ मध्ये वाट बंद करून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. शस्त्रांना वाट नाही म्हटल्यावर गेलेली सत्ता परत बसवायचा मार्गच पोर्तुगालला उरला नाही.

या काळात मुलखाचा कारभार चालू होता. पहिले प्रशासक आप्पासाहेब करमळकर. गावपंचायती आणि त्यांच्यावर वरिष्ठ पंचायत. पोस्टात सापडलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा छाप मारून तीच वापरली गेली. ही तिकिटं म्हणजे त्या अधांतरी अवस्थेचा हाती धरता येणारा पुरावा आहे.

निकालानंतर विलीनीकरणाची वाट मोकळी झाली, पण तेही रीतसर करायचं होतं. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. आता करारावर सही कोण करणार? भारतातर्फे पंतप्रधान नेहरू, तर समोरही त्याच दर्जाचा माणूस हवा. तेव्हा प्रशासक असलेले सनदी अधिकारी के. जी. बदलाणी यांना एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान नेमण्यात आलं आणि त्यांनी सही केली. याकडे गंमत म्हणून पाहिलं जातं, पण ती कायद्याची गरज होती. स्वतःच्या इच्छेने सामील होणाऱ्याला सही करण्याइतकं स्वतंत्र अस्तित्व लागतं.

त्यापुढे दहावी घटनादुरुस्ती. पहिल्या परिशिष्टात नवा केंद्रशासित प्रदेश घातला गेला आणि तिथल्या कारभारासाठी नियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना देण्यासाठी कलम २४० मध्ये त्याचं नाव आलं. अंमल ११ ऑगस्ट १९६१ पासून. त्याच डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव लष्करी कारवाईने मुक्त झाले, म्हणजे हा मुलूख गोव्याआधी चार महिने कायद्याने भारतात आला होता. पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या तहाने. सनदांमधली ७२ गावं त्या दिवशी पोर्तुगालच्या दप्तरातूनही उतरली.