तीन महिन्यांच्या प्रदर्शनाची मुदत उजेड ठरवतो

राज्य इतिहास संग्रहालयात दर तीन-चार महिन्यांनी एखाद्या दालनातलं प्रदर्शन बदलतं. लोकांनी पुन्हा यावं म्हणून नवं काही दाखवायचं, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो, आणि तो चूक नाही. पण ज्या प्रदर्शनात कागद, कापड आणि छायाचित्रं आहेत, त्याची मुदत प्रेक्षकांच्या आवडीवर ठरत नाही, उजेडावर ठरते. शाळांच्या भेटी, संध्याकाळची व्याख्यानं, कार्यशाळा हे सगळं त्या मुदतीत बसवावं लागतं. उलट्या क्रमानं आखलेला कार्यक्रम हमखास वस्तूंच्या जिवावर उठतो.

उजेडानं उडालेला रंग परत आणता येत नाही आणि हे नुकसान साठत जातं. उजेड किती प्रखर आणि किती तास, यांचा गुणाकार म्हणजे वस्तूवर झालेला एकूण खर्च. तो लक्स-तासांत मोजतात; लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाच्या प्रखरतेचं माप. हस्तलिखितं, जलरंग, रंगवलेलं कापड, जुनी छायाचित्रं यांच्यासाठी ५० लक्सची मर्यादा बहुतेक संग्रहालयं पाळतात. तैलचित्रं, लाकूड, हाड यांना २०० लक्सपर्यंत चालतं. दगड, भाजलेली माती आणि बहुतेक धातूंना उजेडाचं फारसं काही वाटत नाही.

मात्र ५० लक्स पाळले म्हणजे वस्तू सुरक्षित, ही समजूत धोक्याची आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ सालच्या अहवालात सर्वांत नाजूक गटासाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली आहे. दालन रोज ८ तास उघडं असेल, तर ५० लक्सला दिवसाचे ४०० लक्स-तास होतात. म्हणजे वर्षभराचा वाटा साडेसदतीस दिवसांत संपतो. ९० दिवस चाललेलं प्रदर्शन ३६,००० लक्स-तास खातं, म्हणजे जवळपास अडीच वर्षांचा वाटा. ते पत्र किंवा तो अंगरखा पुढच्याच वर्षी पुन्हा मांडायचं कोणी सुचवलं, तर नाही म्हणायला एवढा हिशेब पुरतो.

हा हिशेब बहुतेक वेळा बिघडतो तो दालन बंद असताना. सकाळी झाडलोट करताना वरचे मोठे दिवे लावतात. तिथे ५०० लक्स असतील आणि काम दोन तास चाललं, तर १,००० लक्स-तास उडाले. प्रदर्शनाचे अडीच दिवस झाडू मारण्यात गेले! मांडणीच्या दिवसांत तर दिवे दिवसभर जळतात, आणि वस्तू पेटीत ठेवून झाल्यावरही फलक लावायचं काम सुरूच असतं. यावर उपाय साधा आहे. काम संपेपर्यंत पेटीवर जाड काळं कापड टाकायचं, सफाईच्या दिव्यांना वेगळं बटण ठेवायचं आणि लक्समीटर वस्तूच्या पृष्ठभागाजवळ, दिव्याकडे तोंड करून धरून मोजायचं. जमिनीवर किंवा काचेबाहेर घेतलेलं माप कामाचं नाही. अतिनील किरणांसाठी प्रति ल्युमेन (ल्युमेन हे दिसणाऱ्या उजेडाचं माप) ७५ मायक्रोवॉट ही जुनी मर्यादा आहे. चांगल्या एलईडीत हा भाग नगण्य असतो, खरा धोका खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडाचा. काचेवर लावलेली अतिनीलरोधक फिल्म काही वर्षांनी निकामी होते आणि डोळ्यांना ती तशीच दिसत राहते, म्हणून दर प्रदर्शनाआधी मीटरनं तपासावी.

सगळे रंग सारख्याच वेगानं उडत नाहीत. लोकरीवरची नीळ बरीच टिकते, हळदीचा पिवळा फार लवकर जातो. १८५६ मध्ये विल्यम पर्किननं पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला. त्यानंतरच्या काही दशकांतले कित्येक कृत्रिम रंग उजेडापुढे अगदीच दुबळे आहेत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं भडक रंगाचं कापड दिसलं की ते सर्वांत नाजूक गटात धरायचं. सायनोटाइप या निळ्या छायाचित्रांचं वागणं मात्र निराळं आहे. ती उजेडात फिकी पडतात आणि अंधारात, हवा लागत असेल तर, बऱ्याच अंशी पुन्हा गडद होतात. यावरून त्यांना सूट द्यावी असं नाही, कारण कागद तर पिवळा पडतच असतो. पण प्रदर्शन उतरवल्यावर निळा रंग फिका दिसला म्हणून लगेच हाय खाऊ नये.

मुदत वाढवायचीच असेल, तर वस्तू अर्ध्यात बदलाव्यात. सहा महिन्यांच्या प्रदर्शनात पहिले तीन महिने एक पत्र, पुढचे तीन महिने त्याच विषयावरचं दुसरं. ही अदलाबदल लपवू नये. तारखेसकट जाहीर करावी, म्हणजे लोक दोनदा येतात. दोन्ही वेळी अस्सल वस्तूच पाहायला मिळते. दुसरी वस्तू नसेल तर प्रतिकृती लावावी, पण ओळखपट्टीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द पहिल्या ओळीत हवा. खाली बारीक अक्षरांत लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे. खूपच नाजूक वस्तू खणात ठेवता येते, पाहणाऱ्यानं खण ओढला तरच तिच्यावर उजेड पडतो. खणाला हळू मिटणारी सरक हवी, नाहीतर प्रत्येक धक्क्याला रंगाचे कपचे सुटतात.

उघडी वही मांडणं वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक जुनी बांधणी ९० ते १२० अंशांच्या पलीकडे उघडू नये. सपाट उघडली की पाठ मोडते. ॲक्रिलिकची किंवा आम्लविरहित पुठ्ठ्याची घोडी करून दोन्ही पुठ्ठ्यांना खालून आधार द्यायचा, भार पाठीवर येऊ द्यायचा नाही. पानं मिटू नयेत म्हणून पॉलिएस्टरची पारदर्शक पट्टी पानांभोवती फिरवून तिची टोकं तिलाच जोडायची. चिकटपट्टीचा कागदाला स्पर्शही होता कामा नये. पट्टी फार आवळली तर पानांच्या कडा कापल्या जातात. मधल्या अदलाबदलीत पान उलटलं की डाव्या-उजव्या बाजूची जाडी बदलते आणि पहिल्या पानासाठी बेतलेली घोडी बसेनाशी होते. बरेच जण ‘फक्त पान उलटायचं’ म्हणून त्या कामाला अर्धा तास ठेवतात आणि मग वही तिरकी, पाठीवर ताण घेऊन उभी राहते. दुसऱ्या पानाची घोडी पहिल्याबरोबरच करून ठेवावी.

कपड्यांच्या बाबतीत पुतळा कपड्यासाठी बेतायचा असतो, कपडा पुतळ्यासाठी नाही. कपड्याची छाती आणि कंबर मोजून त्याहून लहान मापाचा पुतळा घ्यायचा, पॉलिएस्टरचा पिंजलेला थर चढवत तो भरायचा, वरून धुतलेलं सुती कापड बसवायचं. भार खांद्यांच्या शिवणीवर एकवटू नये म्हणून खांद्यांना रुंद आधार लागतो. जड मणीकाम किंवा जरीकाम असलेलं वस्त्र उभं न करता उतारावर निजवावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे रेशमाला वजन यावं म्हणून धातूच्या क्षारांत बुडवत असत. असं रेशीम घडीवर आपोआप चिरत जातं, ते टांगायचा विचारही करू नये.

पेटी सुंदर दिसली तरी तिच्या आतली हवा चांगली असेलच असं नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदानं दाबून केलेली फळी), ओकचं लाकूड, काही रंग आणि गोंद यांतून सेंद्रिय आम्लांची वाफ सुटते. ती शिशाला आणि शिंपल्यांना खाते. लोकरी नमद्यातून गंधकाची संयुगं येतात आणि चांदी काळी पडते. साहित्य आधी तपासायची पद्धत ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडली. साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या एका बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या. पट्टी गंजली की ते साहित्य बाद. हे २८ दिवस आणि रंग वाळून वास जायला लागणारे साधारण चार आठवडे वेळापत्रकात सुरुवातीलाच धरले नाहीत, तर उद्घाटनाच्या आदल्या रात्री ओल्या रंगाच्या पेटीत वस्तू ठेवायची पाळी येते. दुसऱ्या संस्थेकडून वस्तू उसन्या आणायच्या असतील, तर सहा महिने ते वर्षभर आधी मागणी करावी लागते. खोके आल्यावर ते न उघडता २४ तास दालनाच्या हवेत राहू द्यावेत.

हवेसाठी बरीच संग्रहालयं आता ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान एवढा पट्टा मान्य करतात, २४ तासांत १० टक्क्यांहून मोठी उडी न येऊ देता. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता रेंगाळली की बुरशीला आमंत्रण. जुन्या ठोकताळ्यानुसार साध्या सिलिका जेलचं (हवेतला ओलावा शोषणाऱ्या खड्यांचं) प्रमाण पेटीच्या दर घनमीटरला २० किलो धरतात. पेटीला फटी असतील तर त्याच्या दुप्पट घालूनही उपयोग नाही, म्हणून आधी दाराच्या रबरपट्ट्या पाहाव्यात. आर्द्रता-तापमानाचं नोंदयंत्र पेटीच्या आत ठेवावं. दालनातला आकडा पेटीतली परिस्थिती सांगत नाही.

आता कार्यक्रमांकडे. दालनातच व्याख्यान किंवा स्वागतसमारंभ ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. बसलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत जातं, शिवाय त्याच्या अंगातून १०० वॉटच्या आसपास उष्णता निघते. २०० माणसं म्हणजे तासाला १० लिटर पाणी आणि २० किलोवॉटची भट्टी. त्यातून वातानुकूलन सहा वाजता रात्रीच्या वेगावर जायला लावून ठेवलेलं असतं आणि कार्यक्रम सातला. आर्द्रतेच्या आलेखात आढळणाऱ्या उंच टोकांचं हे अगदी नेहमीचं कारण. यंत्रणेची वेळ आधी बदलून घ्यावी, खाणंपिणं दालनाबाहेर ठेवावं, आणि संध्याकाळच्या तासांचा उजेडही लक्स-तासांत मिळवावा. तो लिहायचा राहतोच.

शाळांच्या गटात एका मार्गदर्शकामागे दहा-बारा मुलं असली तर प्रश्न विचारले जातात, तीस असली तर फक्त शांत राहा म्हणण्यात वेळ जातो. टिपणांसाठी पेन्सिलच द्यावी, शाई नको. उन्हातून एकदम ५० लक्सच्या दालनात आलं की काही मिनिटं काहीच नीट दिसत नाही आणि मुलं ‘इथे अंधार आहे’ म्हणून पुढे पळतात. प्रवेशाच्या वाटेवर उजेड २०० वरून १००, मग ५० असा पायरीपायरीनं उतरवला की डोळे सरावतात. तिथेच प्रस्तावनेचा फलक लावावा, म्हणजे तेवढा वेळ जातो. ओळखपट्टी ५०-६० शब्दांची, किमान २४ पॉइंटची, फिक्या चकाकीविरहित पार्श्वभूमीवर गडद अक्षरांत असावी. दिवा वाचणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर त्याच्याच डोक्याची सावली अक्षरांवर पडते. हे ताडायचं तर मांडणी झाल्यावर एका उंच माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या एकाला प्रत्येक पट्टी वाचायला लावावी.

वस्तू हाताळण्याच्या सत्रांसाठी वेगळा संग्रह असावा. नोंदवहीतल्या वस्तू त्यासाठी काढू नयेत. मेजावर मऊ आच्छादन, एका मेजाला आठ-दहा जण, बसूनच आणि दोन्ही हातांनी धरायचं. धातूसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालावेत. कागदासाठी मात्र स्वच्छ कोरडे हातच बरे, कारण मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. पांढरे सुती मोजे छायाचित्रात छान दिसतात, कामात नडतात.

लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू ओळखून घ्यायला आणाव्यात असा दिवस ठेवला, तर गर्दी होते आणि संग्रहालयाला परिसराचा इतिहासही कळतो. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो, तो यासाठी सोयीचा. किंमत सांगितली जाणार नाही हे आमंत्रणातच लिहावं. मेजं भांडारगृहापासून लांब मांडावीत, कारण जुन्या गाठोड्यांतून कसर आणि अळ्या येतात. वस्तू ठेवून घ्यायची असेल तर पावती द्यावी आणि कापड किंवा लोकर असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करून उणे ३० अंशांना तीन दिवस किंवा उणे २० ला निदान आठवडाभर ठेवावी. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरतं.

प्रदर्शनासोबत आठवणी ध्वनिमुद्रित करणार असाल, तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल ठेवा आणि संमतीपत्रावर बोलण्याआधी सही घ्या. ध्वनिमुद्रणाच्या एका तासाचं लेखी रूप करायला सहा-आठ तास लागतात. तेवढी माणसं नसतील तर पाचच मुलाखती घ्याव्यात, पण पूर्ण कराव्यात.

उतरवण्याच्या कामाला मांडणीइतकाच वेळ द्यावा. मांडण्याआधी काढलेली छायाचित्रं हातात घेऊन प्रत्येक कड, प्रत्येक डाग पडताळायचा. जुना डाग नवा ठरतो तो फक्त आधीचं छायाचित्र नसल्यामुळे, आणि उसन्या वस्तूंच्या बाबतीत यावरून दोन संस्थांत वितुष्ट येतं. मग प्रत्येक वस्तूच्या नोंदीत दोन गोष्टी लिहायच्या: या वेळी एकूण किती लक्स-तास खर्ची पडले, आणि कोणत्या तारखेनंतर ती पुन्हा बाहेर काढता येईल. पुढच्या प्रदर्शनाची यादी करणाऱ्यानं सुरुवात त्या तारखेपासून करावी.