नळीतून जाणारा काढा

चीनमधल्या चेंगदूला एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेचे गंभीर पेशंट पाहिले. पोट टम्म फुगलेलं, आतडी ठप्प, त्यात फुफ्फुसांत पाणी. ऑक्सिजन, सलाईन, व्हेंटिलेटर हे सगळं आपल्यासारखंच. नवल वाटलं ते नाकातल्या नळीतून जाणाऱ्या तपकिरी काढ्याचं.

‘दा छंग ची थांग’ हा मूळचा चीनच्या हान राजवटीच्या काळातल्या चांग चुंगचिंग या वैद्याचा जुलाबाचा काढा. मॅग्नोलियाची साल आणि कडू संत्र्याची कच्ची फळं आधी उकळायची. रेवाचिनी (जुलाब घडवणारी मुळी) उशिरा टाकायची, कारण फार शिजली की तिचा जोर जातो. शेवटी सोडियम सल्फेट विरघळवायचं. तेच मीठ कापडी पिशवीत भरून पोटावरही ठेवतात. पाणी ओढून त्याचा गठ्ठा झाला की पिशवी बदलायची.

चिनी वैद्यक फुफ्फुस आणि मोठं आतडं यांची जोडी मानतं. ते मला पटत नाही बुवा. पण आतड्याची भिंत कमकुवत झाली की जंतू रक्तात उतरतात आणि फुफ्फुसंही होरपळतात, हे आधुनिक वैद्यकातही आहे. काढ्यावरचे अभ्यास बरेचसे छोटे, तेव्हा जीव वाचतो असं छातीठोकपणे सांगवत नाही. घरी तर हा उद्योग नकोच.

राउंडला सरांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: “शी झाली का?”