माफातमधले तीनशे मीटर : रेयुनियों बेटावरील पदभ्रमणाचा वृत्तांत

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला असलेले रेयुनियों हे बेट नकाशावर आफ्रिकेच्या अंगाला दिसत असले, तरी कारभाराच्या दृष्टीने ते फ्रान्सच आहे. आणि ही गोष्ट घरून निघण्याआधीच नीट समजून घ्यावी, कारण माझ्या प्रवासातले बहुतेक अनपेक्षित खर्च आणि कागदपत्रांचा सगळा मनस्ताप तिच्यातूनच निघाला. १९४६ च्या कायद्याने या जुन्या वसाहतीला फ्रान्सच्या देपार्तमाँचा, म्हणजे साधारणतः आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, दर्जा मिळाला. बेटावरून निवडून गेलेले लोक पॅरिसच्या संसदेत बसतात (आज कनिष्ठ सभागृहात सात आणि वरिष्ठ सभागृहात चार), तर पॅरिसने नेमलेला प्रीफे हा अधिकारी राजधानी सें-देनीत बसून सरकारचा कारभार पाहतो. चलन युरो आहे आणि बेट युरोपीय संघाचा भाग आहे, पण ते शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मात्र नाही. पासपोर्टवर युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा असला की काम झाले, असे ज्या एजंटाने मला ठामपणे सांगितले, त्याने फ्रान्सच्या सागरापारच्या प्रदेशांचे नियम कधी वाचलेच नसावेत. व्हिसाच्या अर्जात जाण्याचे ठिकाण म्हणून रेयुनियोंचा स्पष्ट उल्लेख करावा. मुंबईहून मॉरिशसमार्गे जाणे सोयीचे पडते आणि मॉरिशसहून पुढचे उड्डाण जेमतेम पाऊण तासाचे आहे. पण मॉरिशस हा स्वतंत्र देश असल्याने त्याच्या प्रवेशाचे नियम वेगळे पाहावे लागतात.

बेटाचे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटर आहे. मध्यभागी पितों दे नेज हा थंडावलेला ज्वालामुखी ३०७१ मीटर उंच उभा आहे आणि त्याच्या भोवती कोसळून व झिजून तयार झालेल्या तीन प्रचंड वाटोळ्या दऱ्या आहेत : सिलाओस, सालाझी आणि माफात. पहिल्या दोन दऱ्यांत गाडीरस्ता जातो, माफातमध्ये जात नाही. तिथल्या विखुरलेल्या वस्त्यांवर मिळून सातआठशे माणसे राहतात. त्यांचा किराणा आणि गॅसचे सिलिंडर हेलिकॉप्टरने उतरतात, वीज सौर पट्ट्यांवर भागवली जाते आणि बाकीची ये-जा पायी होते. जमीन सार्वजनिक मालकीच्या जंगलाची असून रहिवासी घरासाठी व शेतीसाठी ती पट्ट्याने घेतात. पूर्वी मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी याच कड्यांच्या आड आसरा घेतला होता, आणि तो इथेच का घेतला, हे दरीत उतरताना पहिल्या तासाभरातच गुडघ्यांना कळते.

मी माइदोच्या कड्यावरून माफातमधल्या रोश प्लात या वस्तीला उतरलो, तिथून ला नुवेल, मग मार्ला या वस्त्या करत ताइबितची खिंड ओलांडून सिलाओसला गेलो. यातला फक्त एक टप्पा सविस्तर सांगण्यासारखा आहे, आणि तो म्हणजे रोश प्लात ते ला नुवेल. एजंटाने दिलेल्या कागदावर या दिवसापुढे लिहिले होते : सोपा दिवस, चढाई तीनशे मीटर. रोश प्लात साधारण ११०० मीटरवर आहे आणि ला नुवेल साधारण १४०० मीटरवर, तेव्हा वजाबाकी बरोबर आहे. कागद तयार करणाऱ्याने फक्त एवढेच पाहिले नाही की या दोन वस्त्यांच्या मध्ये गाले नदीची घळ आहे, आणि वाट आधी त्या घळीच्या तळापर्यंत उतरून, मग समोरच्या ब्रोंशारच्या कड्यावरून हरवलेली सगळी उंची पुन्हा कमावते आणि वर हे तीनशे मीटर वेगळे मोजून घेते. प्रत्यक्षातली चढाई कागदावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. नकाशावरचे अंतर बोटभर दिसते, त्यावर अजिबात जाऊ नये. अंतर नाही, वेळ विचारावा, आणि स्थानिक माणसाने सांगितलेल्या वेळेत पाठीवरच्या सॅकसाठी निम्म्याने भर घालावी.

ब्रोंशारचा चढ तांत्रिक नाही. दोर लागत नाही आणि कुठे हातांनी लोंबकळावे लागत नाही. पण तो निर्दय आहे. पायऱ्या म्हणून लाकडाचे ओंडके लोखंडी खुंट्या ठोकून आडवे बसवलेले आहेत आणि पावसाने त्यांच्यामागची माती वाहून गेल्यामुळे प्रत्येक ओंडका पायरी न राहता गुडघ्याएवढ्या उंचीचा अडसर होऊन बसला आहे. लहान पावले टाकून दम टिकवावा म्हटले तर तशी सोयच उरत नाही. वाट अरुंद आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला सरळ नदीचे पात्र, आणि दृष्टिभय असलेल्या माणसाने इथे येऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अवघड जागी कातळात तारा ठोकलेल्या आहेत. अकरा वाजता त्या इतक्या तापल्या होत्या की मला हातमोजे शोधावे लागले. मी एका वळणावर सॅक टेकून उभा असताना पायात रबरी चपला, डोक्यावर कसलेसे पुठ्ठ्याचे खोके अशा अवस्थेतला एक गडी माझ्या शेजारून ‘बोंझूर’ म्हणत वर निघून गेला, आणि मी पाणी पिऊन बाटलीचे झाकण लावेपर्यंत पुढच्या वळणाआड दिसेनासा झाला.

जाणाऱ्यांनी उजाडताच निघावे, म्हणजे नदी ओलांडून चढ लागेपर्यंत सावली मिळते. पाणी किमान तीन लिटर घ्यावे. उलट दिशेने, म्हणजे ला नुवेलहून ब्रोंशार उतरत येण्याचा बेत मुळीच करू नये. चढताना जे फक्त थकवते ते उतरताना गुडघे आणि घोटे मोडेल. नदीला पाणी वाढलेले दिसले, तर ओलांडण्याचा विचार न करता मागे फिरावे. या बेटावरचा पाऊस ही अतिशयोक्तीची गोष्ट नाही : चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर हा जागतिक विक्रम इथल्या फोक-फोक या ठिकाणी जानेवारी १९६६ मध्ये नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात कोमेरसोंच्या विवरापाशी तीन दिवसांत ३९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. चक्रीवादळे मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये येतात. मे ते नोव्हेंबर हा काळ कोरडा, म्हणून चालण्याचा. पर्यायी वाट त्रुआ रोशच्या धबधब्यावरून जाते, पण दरडींमुळे ती दीर्घकाळ बंद राहिलेली आहे. वाटा उघडणे आणि बंद करणे हा तिथे सरकारी आदेशाचा विषय आहे, वनखाते बंद वाटांची यादी प्रसिद्ध करत असते, आणि ती यादी आदल्या संध्याकाळी पाहिल्याशिवाय निघू नये. फलक ओलांडून जाण्याची आपल्याकडची सवय इथे सोडावी. कोणी अडकलेच, तर ११२ या क्रमांकावर डोंगरी बचावदलाला कळवता येते, पण दरीत अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते.

इतके सोसून रोश प्लात पाहावे का? माझ्या मते नाही. थोडेच दिवस असतील, तर सालाझीच्या बाजूने कोल दे बफच्या खिंडीतून सरळ ला नुवेलला उतरावे, मार्लाला मुक्काम करून ताइबितवरून सिलाओस गाठावे, आणि माइदो गाडीने जाऊन वरूनच पाहावे. ला नुवेल ते सिलाओस हे चालणे सुरेख आहे, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माइदोला गाडीने जाण्याचाही एक हिशेब आहे. दहाच्या सुमारास ढग दरी भरून टाकतात, त्यामुळे पहाटेच वर पोहोचावे लागते, आणि ही निकड ओळखून किनाऱ्यावरच्या एका चालकाने माझ्याकडून संपूर्ण गाडीचे, आणि परतीच्या रिकाम्या फेरीचेही, पैसे घेतले. त्याच गाडीत त्याने वाटेतून आणखी दोन प्रवासी घेतले आणि त्यांच्याकडूनही भाडे घेतले, हे मी मागच्या आसनावरून पाहिले. भाडे आधी लेखी ठरवावे, किंवा वर जाणाऱ्या बसचे वेळापत्रक पाहून तिच्यावर भागवावे. शहरांमधल्या प्रवासाला पिवळ्या ‘कार जोन’ बसगाड्या पुरेशा आहेत. दोघातिघांनी मिळून भाड्याची मोटार घेतल्यास स्वस्त पडते, फक्त रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते आणि सिलाओसच्या रस्त्याला चारशेहून अधिक वळणे आहेत.

महागाईचा दोष मात्र सगळाच चालकांना देता येणार नाही. बहुतेक माल हजारो किलोमीटरवरून बोटीने येतो आणि त्यावर ‘ऑक्त्रवा द मेर’ नावाची जुनी सागरी जकात बसते, जिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बेटावरच्या चोवीस नगरपालिकांना मिळतो. तिथले लोकही या दरांनी मेटाकुटीला आलेले आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘पिवळ्या जॅकेटां’च्या आंदोलनाने बेट अक्षरशः ठप्प केले होते. माफातमध्ये तोच माल पुन्हा हेलिकॉप्टरने जातो, म्हणून ला नुवेलच्या दुकानात बिस्किटांचा भाव ऐकून वाद घालण्यात अर्थ नाही. दरीत एटीएम नाही. युरोच्या लहान नोटा सोबत ठेवाव्यात. मुक्कामाची घरे, ज्यांना तिथे ‘झीत’ म्हणतात, आधी आरक्षित करावीत आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगावे. रात्रीचे जेवण सातच्या आत वाढले जाते आणि उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. भात, मसूर किंवा राजमा, आणि रुगाय नावाची मिरचीची तिखट चटणी असे ताट मिळते, त्यामुळे आपल्या माणसाची पोटाची आबाळ होत नाही.

या तिखटाचे कारण माणसांत आहे. फ्रान्सची जनगणना वंश विचारत नाही, तेव्हा कोण किती याचे अधिकृत आकडे नाहीत. पण पावणेनऊ लाखांच्या आसपासच्या या वस्तीत भारतीय वंशाचे लोक पदोपदी भेटतात. २० डिसेंबर १८४८ रोजी गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते, आणि ते करारावर मुख्यतः तमिळ मुलखातून आणले गेले. त्यांच्या वंशजांना तिथे ‘मालबार’ म्हणतात. गुजराती मुसलमान व्यापारी नंतर आले, आणि त्यांनी सें-देनीत बांधलेली १९०५ ची नूर-ए-इस्लाम मशीद आजही बाजाराच्या भर वस्तीत उभी आहे. सें-आंद्रेच्या बस थांब्यावर एका आजीबाईंनी माझ्याकडे निरखून पाहत, मी मालबार आहे का, असे विचारले. मी भारतातून आलो आहे म्हटल्यावर त्यांनी गळ्यातल्या क्रूसाच्या साखळीला हात लावत शेजारच्या देवळाकडे बोट दाखवले, आणि तिथे अग्नीवरून चालण्याचा उत्सव पाहायला मी थांबलेच पाहिजे, असे क्रिओल या तिथल्या बोलीत बजावले. एका माणसाने चर्च आणि देऊळ दोन्ही सांभाळणे तिथे मुळीच नवलाचे नाही.

पितों दे नेजबद्दल माझे मत बहुतेकांच्या उलट आहे. सिलाओसजवळून सुमारे अकराशे मीटर चढून कावेर्न द्यूफूरच्या २४७९ मीटरवरील निवाऱ्यात झोपायचे आणि पहाटे तीनला उठून सूर्योदयासाठी शिखर गाठायचे, हा ठरीव कार्यक्रम आहे. दिव्यांची रांगच्या रांग वर चढते, शिखरावर बोचरा वारा आणि शून्याजवळची थंडी असते, आणि निवाऱ्यात कोणालाही झोप लागत नाही. सूर्योदय सोडून द्यावा, निवाऱ्यातून उजाडल्यावर निघावे. शिखर रिकामे मिळते. समुद्रस्नान प्रवाळखडकांच्या आतल्या शांत पाण्यातच करावे. शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ पासून प्रीफेच्या आदेशाने, देखरेखीच्या जागा सोडल्यास, इतरत्र पोहण्यावर बंदी आहे, आणि ती पर्यटकांसाठी शिथिल होत नाही.

पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटरचा जागता ज्वालामुखी मात्र कोणत्याही किमतीला चुकवू नये, हे मी पाय दुखत असतानाही लिहीत आहे. सह्याद्रीचे कातळ ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आले, तोच आज या बेटाखाली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात; भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी ओळ उरली. पा द बेलकोंबच्या कड्यावरून शेकडो पायऱ्या उतरून लाव्ह्याच्या काळ्या पठारावर पाय ठेवला आणि पांढऱ्या रंगाच्या खुणांमागे चालू लागलो, तेव्हा आपण राजगड-तोरण्याचा कच्चा माल तुडवत आहोत असे वाटून मी एकटाच हसलो. वरच्या दोलोमिय विवराचा तळ २००७ च्या उद्रेकात तीनशे मीटरहून अधिक खचला. कडेला टेकून खाली पाहू नये, कड पोकळ आहे. १९७७ साली लाव्हा पितों-सेंत-रोझ गावात शिरला आणि चर्चच्या दाराशी येऊन थांबला. त्यानंतर १९७९ मध्ये इथे वेधशाळा स्थापन झाली. तिच्या यंत्रांनी भूगर्भातली हालचाल टिपली, की प्रीफे कड्याचे फाटक बंद करतो, कधी काही दिवस, कधी आठवडे. म्हणून ज्वालामुखीचा दिवस परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नये. बेटावर पोहोचताच पहिल्या उघड्या सकाळी तिकडे जावे, आणि माफात नंतर करावे.