डब्यावरची नावं आणि एम.एस्सी.चा प्रवेश

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी दोन वर्षं घरीच होते. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की आण्णा डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या धास्तीनं दिवसाआड औषध मारायचे. कुठलं, किती, काढणीआधी कधी थांबायचं, सगळं दुकानदार सांगेल तसं. मी डबे वाचायचे. मँकोझेब, सायमोक्झॅनिल... रसायन कळायचं, रोग कळत नव्हता. २०१० साली वेलीची वाढ रोखायला मारतात त्या लिहोसिनचा अंश सापडला म्हणून युरोपात द्राक्षं अडली, ती गोष्ट आमच्याकडं अजून निघते.

एम.एस्सी. म्हणजे ऑरगॅनिक नाहीतर ॲनालिटिकल, एवढंच मला ठाऊक होतं. शिवाजी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला बसले आणि यादीत 'ॲग्रोकेमिकल्स अँड पेस्ट मॅनेजमेंट', म्हणजे शेतीची औषधं आणि कीडनियंत्रण, दिसलं. कॉलेजच्या तीन वर्षांत हे नाव कुणी काढलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, फॉर्म भरण्याआधी विभागांची पूर्ण यादी वाचा. नॅनोसायन्सपासून परदेशी भाषांपर्यंत बरंच काही तिथं आहे.

परीक्षेचा अभ्यास बागेतली कामं उरकून रात्री केला. खरी दमछाक झाली ती कागदांनी. मधल्या दोन वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र एका दिवसात मिळालं. नॉन क्रिमीलेयरला सेतू केंद्रात चार खेपा पडल्या. त्यात माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव चुकलेलं, ते दुरुस्त व्हायला आठवडा गेला. गुणवत्ता यादी लागल्यावर मग मुदत थोडीच असते, तेव्हा दाखले आधीच काढून त्यावरचं अक्षर न् अक्षर तपासून ठेवा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली कॉलेजं याच विद्यापीठाची, त्यामुळं मला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचा दाखला, लागलं नाही. सोलापूरचं विद्यापीठ २००४ पासून वेगळं आहे, तिकडच्या मैत्रिणीला ते आणावं लागलं.

प्रवेशाच्या दिवशी आण्णा सोबत आले होते. कोल्हापूरच्या स्टँडवरून केएमटीच्या शहर बसनं गेलो. मुख्य इमारतीसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं आण्णांनी चप्पल काढून हात जोडले. आमच्या आजोबांच्या तरुणपणी इकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाकडं होती. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा कुठं पदवीचं ठिकाण जवळ आलं. आमच्या घरात तिथवर पोचायला मात्र माझ्यापर्यंत वाट पाहावी लागली.

कागद तपासून झाले, फी भरली, पावती हातात आली. आण्णांनी ती दोनदा वाचली. मग खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या वहीतली त्या हंगामातली औषधांची यादी होती ती, तारखांसकट.

"यातलं कुठलं उगंच मारलं, ते विचार तुझ्या सरांना," म्हणाले.